शब्दचर्चा: खुनी पहिल्याच प्रकरणात कळला, तर तिला रहस्यकथा म्हणायचं का?

पुस्तकवेडी:
नुकत्याच तीन कादंबऱ्या पाठोपाठ वाचल्या. त्यांच्यावर मराठीत चार ओळी लिहायला घेतल्या आणि दर दुसऱ्या वाक्याला शब्दासाठी अडले, म्हणून हा धागा.

पहिली केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. मूळ जपानी २००५ची, इंग्रजीत २०११ला आली. खून सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांदेखत होतो. कोणी केला, कसा, का, सगळं ठाऊक. शेजारचा गणिताचा शिक्षक पुढची निस्तरानिस्तर अंगावर घेतो आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते. सगळं माहीत असूनही लेखकाने मला शेवटपर्यंत गंडवलं, आणि तेही न लपवता. तिन्हींत हीच सगळ्यात आवडली. (शेवट कृपया इथे कोणी फोडू नये.)

दुसरी चायना मिएव्हिलची 'द सिटी अँड द सिटी', २००९ची. दोन शहरं एकाच जागेवर, एकमेकांत मिसळून वसलेली. पलीकडच्या शहरातली माणसं, घरं, गाड्या समोर असल्या तरी पाहायच्या नाहीत हे लहानपणापासून अंगात मुरवलेलं. त्यात एका विद्यार्थिनीचं प्रेत सापडतं आणि इन्स्पेक्टर तपासाला लागतो. शहरांची कल्पना जबरदस्त, खुनाची उकल मात्र फिकी. त्या दोन शहरांचं कोडं इतकं मोठं आहे की खुनी कोण याची उत्सुकता मध्येच कुठेतरी विरते.

तिसरी उर्सुला ले ग्विनची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८ची. बेटांचं जग, जादू ही गुरूकडे, शाळेत शिकायची विद्या. वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर ताबा येतो. छोटी कादंबरी आहे, पण घाईत वाचता येत नाही.

आता अडचण. पहिलीला रहस्यकथा म्हणवत नाही, कारण खुनी लपवलेलाच नाही. तिसरीला अद्भुतरम्य म्हणवत नाही, कारण तिथे जादूचं कोणाला नवल नाही. जहाजावर वारा आणणारा जादूगार असणं हे शिडं बांधणारा खलाशी असण्याइतकंच साधं. दुसरीला काय म्हणावं हे तर मला मुळीच सुचत नाही. मला वाटतं, आपले हे दोन्ही शब्द पुस्तकात काय आहे ते सांगतच नाहीत. वाचताना वाचकाला काय वाटावं, तेवढंच सांगतात. लेखकाने ते वाटू द्यायचं नाही असं ठरवलं की शब्द उघडे पडतात.

कोशकिडा:
निदान अद्भुताच्या बाबतीत तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. अद्भुत हा काव्यशास्त्रातला रस आहे आणि त्याचा स्थायिभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, विस्मय. रस असतो तो रसिकाच्या ठिकाणी. पात्राला नवल वाटतं की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ले ग्विनच्या खलाशाला वाऱ्याचं काही वाटत नसेल. तुम्हाला वाटलं ना? मग झालं.

शिवाय हा शब्द मराठी कादंबरीच्या जन्मापासूनचा सोबती आहे. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. या सगळ्यांना समीक्षक अद्भुतरम्यच म्हणतात. त्याहून गंमत म्हणजे 'कादंबरी' हा शब्दच बाणभट्टाच्या नायिकेचा. सातव्या शतकातली ती कथा सांगायला सुरुवात करतो एक पोपट, आणि तो पोपटही मागच्या जन्मी कोणी वेगळाच असतो. गंधर्व, शाप, पुनर्जन्म, काही म्हणून बाकी नाही. म्हणजे आपण कोरड्यात कोरड्या वास्तववादी पुस्तकालाही एका अद्भुतकथेचं नाव देऊन बसलो आहोत.

पुस्तकवेडी:
कादंबरीचा मुद्दा झकास. पण रसाचं म्हणाल, तर तिसऱ्या प्रकरणापर्यंत मलाही नवल वाटेनासं झालं होतं, आणि हे त्या पुस्तकाचं यश आहे असं माझं मत. तिथलं जग इतकं नेमाने चालतं, जादूची किंमत इतकी चोख मोजली जाते, की विस्मयाऐवजी जबाबदारीचं दडपण येतं. 'मुक्तामाला' आणि ही एकाच कप्प्यात ठेवायची म्हणजे दोघींवर अन्याय. मी तरी सरळ 'फँटसी' लिहीन. शब्द मराठीत रुळलाय, कोणाला अडत नाही.

आणि 'विझर्ड'चं काय करायचं? जादूगार म्हटलं की टोपीतून ससा काढणारा उभा राहतो. मांत्रिक म्हटलं की भूत उतरवणारा. चेटकीण आहे, पण तिचा पुल्लिंगी जोडीदार 'चेटक्या' इथे शोभत नाही.

रातकिडा:
'मंत्रवेत्ता' घ्या. जरा जड आहे, पण त्या पुस्तकात सगळी विद्या शब्दांचीच आहे, तेव्हा शोभेल. ड्रॅगनला मात्र ड्रॅगनच राहू द्या, त्याचा अजगर करू नका. अजगर बोलत नाही, आणि ले ग्विनचा ड्रॅगन बोलतो तेव्हाच खरी भीती वाटते.

मला बोलायचंय ते रहस्यकथेवर. हा शब्द आपण कधीच काटेकोर वापरला नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडच्या कथांना सगळे रहस्यकथाच म्हणायचे. पण त्यांत कोडं सोडवण्यापेक्षा पाठलाग, वेषांतर, हाणामारी यांचाच भर. तेव्हा खुनी आधी कळला म्हणून हिगाशिनोला त्या पंगतीतून उठवायचं कारण नाही. 'गुन्हेगारी कादंबरी' तर अजिबात नको; कादंबरीवरच गुन्हा दाखल झाल्यासारखं वाटतं. पोलिसांच्या कामावर बेतलेलीला 'तपासकथा' छान. तुमच्या मिएव्हिललाही ते चालेल, निदान अर्ध्या पुस्तकापुरतं.

खुनी आधी दाखवायची रीत जुनीच आहे म्हणा. ऑस्टिन फ्रीमनने १९१२च्या 'द सिंगिंग बोन'मध्ये तेच केलं. इंग्रजीत या प्रकाराला उलटी गुप्तहेरकथा म्हणतात.

कोशकिडा:
'गुप्तहेर' हाही एक घोटाळाच. हेर शत्रूच्या गोटातली बातमी काढतो. डिटेक्टिव्ह झालेल्या गुन्ह्याचा छडा लावतो. आपण दोघांना एकच शब्द देऊन मोकळे. लॅटिनमध्ये 'डिटेक्टिव्ह'च्या मुळाशी 'आच्छादन काढणे' असा अर्थ आहे. आपल्याकडे बातम्यांत रोज छापून येणारं 'गुन्हा उघडकीस आणला' हे त्याचं जवळजवळ जुळं भावंड. तरी उघडकीस आणणाऱ्या माणसाला आपण नाव दिलं नाही.

'क्लू'चं मात्र उलट. तो शब्द मुळात सुताच्या गुंडीचा. चक्रव्यूहासारख्या वाड्यातून बाहेर पडायला थीसियसने सूत सोडत नेलं, त्या ग्रीक गोष्टीतून तो तपासात आला. इंग्रजी वाचकाला आज त्यात सूत दिसत नाही. मराठीत ते जागोजाग दिसतं: धागेदोरे, गुंता, उकल, उलगडा. याला अनुवाद लागतच नाही.

रातकिडा:
आणि 'रेड हेरिंग'ला, म्हणजे वाचकाला भलतीकडे नेणाऱ्या खोट्या धाग्याला, 'चकवा'! रात्रीच्या वेळी वाटसरूला तिथल्या तिथे फिरवणारं भूत म्हणजे चकवा. वाचकाला लेखक हेच करतो. 'दिशाभूल' बरोबर आहे, पण कागदी वाटतो. 'हूल' चालेल, पण हूल क्षणाची असते. चकव्यात माणूस आपल्या पायांनी चालत राहतो आणि आपण पुढे जातोय असंच त्याला वाटतं.

अनुवादकाठी:
व्यवसायाने अनुवाद करते, त्यामुळे लेबलांच्या या वादात मला फारसा रस नाही. ते प्रकाशक ठरवतो. माझी झोप उडते ती क्रियापदाने.

इंग्रजीत लेखक लिहितो, खुनी आत आला, दार लावलं, निघून गेला. तो की ती, पत्ता नाही. मराठीत 'आला' लिहिलं की अर्धे संशयित बाद, 'आली' लिहिलं की उरलेले अर्धे. रहस्य एका मात्रेत संपलं. मग काय करायचं? सुदैवाने व्याकरणातच पळवाटा आहेत. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माच्या मागे जातं: 'दार लावलं, दिवा मालवला, सुरी पुसली.' करणाऱ्याचं लिंग कुठेच नाही, फक्त सर्वनाम गाळायचं. अकर्मक आलं की 'कोणीतरी' मदतीला धावतं: 'कोणीतरी जिना उतरून गेलं.' हे नपुंसकलिंग हिंदीत नाही. तिथल्या अनुवादकाची मला दया येते.

'व्यक्ती' वापरणारे असतात, पण तो शब्द स्त्रीलिंगी. 'ती व्यक्ती आली' असं चार वेळा वाचलं की मनात बाईच उभी राहते. पोलिसी 'इसम' घेतला तर नक्की पुरुष. आणि पानभर 'कोणीतरी'च येत राहिलं की तरबेज वाचक लगेच ताडतो की इथे लिंग लपवलंय, म्हणजे खुनी बहुधा बाई. लपवणं हाच सुगावा! अशा वेळी मी सगळे मजकूर तसेच रचते, निरपराध पात्रांचेसुद्धा, म्हणजे सवय होऊन जाते.

प्रथमपुरुषी निवेदक तर वरवर अशक्यच वाटतो. 'मी गेलो' की 'मी गेले', पहिल्याच वाक्यात पडदा वर. पण बघा: 'मी दार उघडलं', 'मला जाग आली', 'मला पावलं ऐकू आली', 'मी तिथे रोज जात असे', 'उद्या मी सांगेन'. एकातही पत्ता लागत नाही. जाणं, येणं, बसणं, उठणं टाळायचं. असा निवेदक थोडा जागच्या जागी खिळल्यासारखा होतो खरा, पण खुन्याला ते शोभतं.

पुस्तकवेडी:
म्हणजे रहस्य लेबलात शोधत बसले होते, ते प्रत्ययात निघालं! 'संशयित'चं पण सांगा ना. हिगाशिनोच्या नावातच आहे तो.

अनुवादकाठी:
संशयित म्हणजे ज्याच्यावर संशय आहे तो. आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप ठेवला आहे तो. दोष सिद्ध झाला की गुन्हेगार. बातम्यांत 'संशयित आरोपी' अशी मोट बांधतात, ती कादंबरीत आणू नये. या पुस्तकात तर मुळीच नाही, कारण कोण कोणाकडे संशयाने बघतंय यावरच सगळा डाव आहे. 'मारेकरी'ही नको, त्याला सुपारीचा वास येतो.

रातकिडा:
खून आणि खूण! एका अक्षराचा फरक. आधी खून होतो, मग खुणा शोधायच्या. लिहिताना न-ण आणि ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा, एवढीच विनंती. एका पुस्तकाच्या पाठीवर 'खूनाची खुण' वाचून मी ते परत ठेवलं होतं.

पुस्तकवेडी:
आता मिएव्हिल. त्यात एक क्रियापद आहे, 'अनसी'. दिसलेलं न-दिसलेलं करायचं. 'दुर्लक्ष' फार सौम्य वाटतं. 'डोळेझाक' जवळचं, पण डोळेझाक चुकीच्या गोष्टीकडे करतात. इथे पलीकडच्या शहराने काही चूक केलेली नाही.

कोशकिडा:
'कानाडोळा' पाहा. मूळ काणाडोळा, काणा म्हणजे तिरळा किंवा एका डोळ्याचा. बघूनही न बघितल्यासारखं करणं. त्यातही थोडी संमतीची छटा आहे, पण नजर वळवायची शारीरिक कृती त्यात उरली आहे.

अनुवादकाठी:
कानाडोळा माणूस मनात आणून करतो. त्या शहरांतले लोक मनात यायच्या आत करतात. रस्त्यावरची बाई कोणत्या शहराची हे चालीवरून, कपड्यांवरून क्षणात ओळखायचं आणि त्याच क्षणी तिला पुसून टाकायचं. म्हणजे आधी नीट पाहिल्याशिवाय न पाहणं जमतच नाही. ही गोम शब्दात यायला हवी. 'अदेखणे' केलं असतं, पण 'अदेखा' म्हणजे मत्सरी. मी 'नदेखणे' सुचवेन. 'नकळत', 'नावडता' यांच्या वळणाचं आहे. 'त्याने तिला नदेखलं.' दोन पानांत वाचकाला सवय होईल.

पुस्तकवेडी:
'नदेखलं' पक्कं. विचित्र आहे, पण इंग्रजी शब्दही पहिल्यांदा विचित्रच वाटला होता. या पुस्तकात जादू एकही नाही, तरी २०१०चं वर्ल्ड फँटसी पारितोषिक त्याला मिळालं, आणि त्याच वर्षी विज्ञानकथेसाठीचं आर्थर सी. क्लार्क पारितोषिकही. परीक्षकांनाच कप्पा ठरवता येत नसेल, तर मी 'तपासकथा' लिहून पुढे जाते.

एक राहिलं. त्यात 'ब्रीच' आहे. सीमा मोडण्याच्या गुन्ह्यालाही तेच नाव आणि तो करणाऱ्याला पकडून नेणाऱ्या सत्तेलाही तेच. 'भंग' कसा वाटतो? 'भंग झाला' आणि लगेच 'भंग आला'.

अनुवादकाठी:
लहान आहे, धारदार आहे, पण पुल्लिंगी आहे. 'भंग आला' म्हटलं की कोणी एक गृहस्थ आल्यासारखं वाटतं. त्या सत्तेला चेहरा नाही, ती एक की अनेक हेही लोकांना ठाऊक नाही. मी 'उल्लंघन' घेईन. लांब आहे, जोडाक्षर आहे, मान्य. पण नपुंसकलिंगी आहे. 'उल्लंघन आलं आणि त्याला घेऊन गेलं.'

रातकिडा:
'उल्लंघन' म्हटलं की मला सिग्नल तोडल्याची पावती आठवते. 'भंग'च ठेवा.

अनुवादकाठी:
पावतीचीच भाषा हवी. ती सत्ताही तशीच बोलते, आवाज न चढवता.