मदत हवी आहे: ग्लोरीहॅमरचं गाणं गॅदरिंगला वाजवायचंय, डबल किक आणि कीबोर्ड जमेना

कातळशिल्प: मंडळी, रत्नागिरीत कॉलेजच्या गॅदरिंगसाठी ग्लोरीहॅमर या चिलखत घालून अद्भुत कथा गाणाऱ्या मेटल बँडच्या 'टेल्स फ्रॉम द किंगडम ऑफ फाइफ' (2013) या अल्बममधलं 'द युनिकॉर्न इन्व्हेजन ऑफ डंडी' बसवतोय. गायक, एक गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम, अशी ग्लोरीहॅमरसारखीच मांडणी. ड्रमरची डबल किक (मोठ्या ड्रमवर दोन्ही पायांनी पेडल मारणं) हॉलमध्ये नुसती घुरघुरते, ठोके सुटे ऐकू येत नाहीत. कीबोर्डवरचे स्ट्रिंग्ज तालाच्या मागे पडतात. कोरस गायकाला फार वर जातो. शिवाय आयोजक म्हणतात, चिलखत घालून आलात तर लोक हसतील. साध्या कपड्यांत वाजवावं का?

जोडपेडल: दोष पायाचा की हॉलचा, ते आधी ठरवा. मोबाईल ड्रमपासून हातभर अंतरावर ठेवून रेकॉर्ड करा. तिथे ठोके सुटे असतील तर पाय ठीक आहेत. मग किकच्या आत उशी अशी ठेवा की दोन्ही कातड्यांना जेमतेम टेकेल. मिक्सरवर 50 हर्ट्झखालचं कापा, 300-400 च्या आसपास बरंच कमी करा, 4 किलोहर्ट्झला थोडं वाढवा. त्या 'टक्'वरच वेग कळतो. किकला रिव्हर्ब (घुमारा) अजिबात नको.

रेकॉर्डिंगमध्येही गिचमिड असेल तर बहुतेक डावा पाय. ताल मिनिटाला 150 मात्रा धरला तर मात्रेला चार ठोके म्हणजे सेकंदाला 10, प्रत्येक पायाला 5. डावा पाय एकटा 100 च्या तालात, मात्रेला दोन ठोके, दोन मिनिटं न अडखळता वाजला की ताल चार-चारने वाढवा. पोटरी आखडली की त्या दिवशी तिथेच थांबायचं, पुढे रेटलं तर ठोके असमानच पाठ होतात. डाव्या पेडलला दोन पेडल जोडणाऱ्या दांड्याचा भार असतो, म्हणून त्याची स्प्रिंग उजव्यापेक्षा किंचित घट्ट ठेवा. खाऱ्या हवेत दांड्याचे सांधे गंजतात. शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा आणि स्क्रू प्रत्येक तालमीआधी आवळा.

गिटारचा गेनही (आवाजातली खरखर) उतरवा. सलग किकवर गॅलप (घोड्याच्या टापांसारखा ताल) वाजत असेल आणि गिटारमध्ये 100 हर्ट्झखालचा फुगवटा असेल, तर दोन्ही एकमेकांना गिळतात.

सूरपट्टी: कीबोर्डवाला मागे नाही, त्याचा आवाज मागे आहे. 150 च्या तालात मात्रेचा चौथा भाग म्हणजे 100 मिलिसेकंद. नेहमीच्या स्ट्रिंग्ज पॅडचा ॲटॅक (कळ दाबल्यापासून आवाज भरेपर्यंतचा वेळ) साधारण तेवढाच असतो, त्यामुळे सूर भरेपर्यंत पुढचा येऊन ठेपतो. ॲटॅक 10 मिलिसेकंदांच्या आत आणा, रिलीज (कळ सोडल्यावर आवाज विरायचा वेळ) 200 च्या आसपास ठेवा, वर स्टॅकॅटो स्ट्रिंग्जचा थर द्या. ब्रास फक्त समेवर. डाव्या हाताला कॉयर (समूहगायनाचा आवाज), उजव्याला धून. गिटार सोलोला गेली की खालची पोकळी डाव्या हाताने आणि बेसने भरायची. बँडमध्ये दुसरी गिटार नाही, म्हणूनच ग्लोरीहॅमरच्या ख्रिस्तोफर बोवेसच्या कीबोर्डवर इतकं काम येतं.

लॅपटॉपवरून ट्रॅक सोडणार असाल तर डाव्या चॅनेलवर क्लिक (तालाची टिकटिक) फक्त ड्रमरच्या कानात, उजव्यावर ऑर्केस्ट्रा मिक्सरला. चार्जर लावल्यावर हम (घूं असा आवाज) आला तर डीआय बॉक्सवर (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये जोडायची डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन कोणी काढू म्हणेल, काढू देऊ नका, जीवावर बेतेल. लाइट गेली तर लॅपटॉप चालू राहील, मिक्सर बंद पडेल. मिक्सरला यूपीएस हवाच.

देवगडी: अल्बमवर गायलेल्या थॉमस विंकलरच्या पट्टीत गाण्याचा हट्ट नको. सगळं एक पूर्ण स्वर खाली घ्या: गिटार आणि बेस डी स्टँडर्डला, कीबोर्ड ट्रान्सपोज उणे 2, ट्रॅकही त्याच पट्टीत नव्याने काढा. 10-46 जाडीच्या तारा सैल पडून सूर हलेल, 11-49 लावा. दोन दिवस आधी लावून हाताने ताणा, वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा. कोरसला निदान तिघे गाऊ देत, दोघे मूळ सुरात, एक वरच्या तिसऱ्या स्वरावर.

वेष मात्र सोडू नका. मेलेल्या युनिकॉर्नची फौज स्कॉटलंडमधल्या डंडी शहरावर चालून येते, ही गोष्ट ग्लोरीहॅमरवाले पूर्ण श्रद्धेने सांगतात. अल्बमच्या गाण्यांतली क्रेल आणि अँस्ट्रदर ही तिथल्याच फाइफ भागातली खरी मच्छीमार गावं आहेत, आपल्या हर्णैसारखी बंदराची. आणि कोकणात दशावतार बघणाऱ्याला मुकुट-तलवारीचं नवल ते काय? रंगवलेला राजा रंगमंचावर आला म्हणून कोणी हसत नाही. पखवाज चुकला तर मात्र लगेच कळतं.

कातळशिल्प: उशी आणि ॲटॅक, दोन्हींनी लगेच फरक पडला. चिलखत पुठ्ठ्याचं चालेल का?

देवगडी: दमट हवेत पुठ्ठा लोळागोळा होतो. 5 मिलिमीटरचा ईव्हीए फोम घ्या. रबर सोल्युशन दोन्ही बाजूंना लावा, दहा मिनिटं सुकू द्या, मग दाबा. गिटारवाल्याच्या उजव्या कोपराखाली आणि ड्रमरच्या गुडघ्याखाली काहीही बांधू नका. शेवटच्या दोन तालमी पूर्ण वेषातच करा.