ओटीजीमध्ये तंदुरी चिकन : पाणी सुटते, भाजल्याचा रंग येत नाही

कढीपत्ता

तंदुरी चिकन घरी करताना दर वेळी येणारी एक अडचण मांडते आहे. साधारण एक किलो कोंबडीच्या तंगड्या घेऊन, त्यांना चिरा पाडून, दही, आले-लसणाचे वाटण, लाल तिखट, गरम मसाला, लिंबू आणि मीठ हे सगळे एकदमच चोळून मी त्या रात्रभर फ्रिजमध्ये मुरत ठेवते आणि दुसऱ्या दिवशी ओटीजीमध्ये २०० अंशांवर भाजते. थोड्याच वेळात ट्रेमध्ये इतके पाणी साचते की तंगड्या भाजण्याऐवजी त्या पाण्यातच शिजू लागतात. दही फाटून त्याच्या गुठळ्या तळाशी बसतात, रंग फिकट नारिंगी राहतो आणि तो यावा म्हणून वेळ वाढवली की मांस चिवट होते.

दही कसे घ्यावे, किती वेळ मुरवावे आणि तापमान किती ठेवावे, हे कृपया कारणांसह सांगावे. खाण्याचा कृत्रिम रंग घालायचा नाही. कच्ची पपई घालावी असेही ऐकले आहे. त्याने फरक पडतो का?

निखारा

तुमच्या तिन्ही तक्रारींचे मूळ पाणी हेच आहे. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तिथले तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि खमंग तांबूसपणा येण्यासाठी ते साधारण १४० अंशांच्या पुढे जावे लागते. म्हणजे ओटीजीची सगळी उष्णता आधी पाणी आटवण्यात खर्च होते आणि तोवर आतले मांस गरजेपेक्षा जास्त शिजून गेलेले असते. खऱ्या तंदुरात भट्टीची उष्णता ४०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते, शिवाय कोंबडी सळईवर उभी टांगलेली असल्यामुळे सुटलेला रस खाली निखाऱ्यांवर पडून त्याचा धूर होतो. ट्रेमध्ये साचण्याचा प्रश्नच तिथे येत नाही. घरी तेवढी उष्णता मिळणार नाही, तेव्हा पाणी आधीच कमी करणे आपल्या हातात उरते.

त्यासाठी मुरवणे दोन टप्प्यांत करावे. साल काढलेल्या तंगड्यांना हाडापर्यंत तिरप्या चिरा द्याव्यात आणि एक किलोला दोन सपाट छोटे चमचे मीठ, एका लिंबाचा रस, आले-लसणाचे वाटण व थोडे काश्मिरी तिखट एवढेच चोळून अर्धा तास ठेवावे. मिठामुळे या वेळात मांसाला पाणी सुटते; ते ओतून द्यावे आणि तुकडे स्वच्छ फडक्याने हलके टिपून घ्यावेत. तुम्ही सगळे एकत्र करता तेव्हा हेच पाणी दह्यात उतरते.

दुसऱ्या टप्प्यात दही नव्हे, चक्का वापरावा. श्रीखंडासाठी बांधतो तसे ४०० ग्रॅम दही फडक्यात बांधून तीन-चार तास फ्रिजमध्ये टांगले की साधारण निम्मा चक्का मिळतो आणि एक किलोला तो पुरतो. दही गोडसरच असावे, कारण आंबटपणासाठी लिंबू आधीच लागलेले आहे.

आता रंगाविषयी. काश्मिरी मिरचीचा लाल रंग पाण्यापेक्षा तेलात चांगला उतरतो, म्हणून तो दह्यात थेट कालवू नये. दोन मोठे चमचे मोहरीचे तेल धूर येईपर्यंत तापवून, आच मंद करून त्यात एक मोठा चमचा बेसन परतावे. बेसनाचा कच्चा वास गेला की गॅस बंद करावा, मिनिटभर थांबावे आणि मगच दीड-दोन छोटे चमचे काश्मिरी तिखट त्यात घालावे. तेल फार तापलेले असेल तर तिखट काळे पडून कडू लागते. योग्य वेळी पडले तर क्षणात बारीक फेस येतो आणि तेल गडद लाल होते. हे मिश्रण पूर्ण गार झाल्यावर चक्क्यात फेटावे. बेसन उरलेसुरले पाणी धरून ठेवते आणि दही फाटू देत नाही. यात जिरेपूड, गरम मसाला आणि हातावर चुरडलेली कसुरी मेथी घातली की पुरे. जास्त मसाले घातल्याने चव वाढते, असा माझा तरी अनुभव नाही.

तापमान २०० अंश हे कमी आहे. ओटीजी २५० अंशांवर वरची-खालची दोन्ही कॉइल लावून पंधरा-वीस मिनिटे आधी तापवावा, तंगड्या जाळीवर ठेवाव्यात आणि ट्रे जाळीच्या खाली सरकवावा. मधल्या कप्प्यात पंधरा मिनिटे भाजून त्या बाहेर काढाव्यात, पाच मिनिटे तशाच ठेवाव्यात, लोणी किंवा तेल लावावे आणि उलटून आणखी दहा-बारा मिनिटे वरच्या कॉइलजवळ भाजाव्यात. तंदूर चालवणारे आचारीसुद्धा कोंबडी अर्धी भाजून बाहेर काढतात, रस गळू देतात आणि तूप-लोणी लावून पुन्हा आत सोडतात.

हळद_मीठ

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. मुरवण्याच्या वेळेविषयी मात्र थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण ‘जितके जास्त मुरेल तितके चांगले’ हा समज फार पसरलेला आहे. मांसात खोलवर जाते ते प्रामुख्याने मीठ. तिखट, हळद, गरम मसाला हे पृष्ठभागापासून काही मिलिमीटरच्या पलीकडे फारसे पोहोचत नाहीत, मग ते चार तास ठेवा किंवा रात्रभर. म्हणूनच चिरांचे महत्त्व वेळेपेक्षा जास्त आहे आणि मसाला प्रत्येक चिरेत बोटाने भरला पाहिजे. दह्यातले आम्ल सौम्य असल्यामुळे हाडासकट तंगड्या रात्रभर राहिल्या तरी बिघडत नाहीत, परंतु त्यात लिंबाचा रस भरपूर असेल तर बाहेरचा थर पिठूळ होतो. चार ते सहा तास ही वेळ मला योग्य वाटते. भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्यावे, ॲल्युमिनियमचे नको.

पपईबाबत माझे मत प्रतिकूल आहे. तिच्यातले पपेन हे विकर मांसातील प्रथिने तोडते आणि ओटीजीमध्ये मांस तापत असताना त्याचे काम थांबण्याऐवजी काही काळ अधिकच वेगाने चालते. बकऱ्याच्या जून मांसाला त्याचा उपयोग आहे. कोवळ्या ब्रॉयलर कोंबडीला गरज नाही, उलट तिचा लगदा होण्याची भीती असते.

कढीपत्ता

दोघांचेही मनापासून आभार. चक्क्याची आणि तेलातल्या तिखटाची युक्ती या रविवारी करून पाहीन. आणखी दोन शंका आहेत. घरातल्या मुलांना हाडे नको असतात, तर छातीच्या मांसाचे तुकडे याच पद्धतीने करता येतील का? आणि कोळशाची धुरी कच्च्या मांसाला द्यावी की भाजून झाल्यावर?

निखारा

छातीच्या मांसात चरबी फारच कमी असते, त्यामुळे त्याला चूक सहन होत नाही. मोठे, साधारण दीड इंचाचे तुकडे करावेत, लिंबाचा रस निम्मा करावा, चक्क्यात एक मोठा चमचा साय घालावी आणि मुरवण्याचा वेळ दोन तासांवर आणावा. भाजायला २५० अंशांवर दहा-बारा मिनिटे पुरतात. शक्य असेल तर मांडीचे बिनहाडाचे मांस मागावे. विक्रेते ते काढून देतात आणि ते सहसा कोरडे पडत नाही.

धुरी भाजून झाल्यावरच द्यावी. गरम तुकडे पातेल्यात पसरून मधोमध छोटी स्टीलची वाटी ठेवावी, तीत लालबुंद निखारा ठेवून त्यावर अर्धा चमचा तूप सोडावे आणि लगेच घट्ट झाकण लावावे. दोन-तीन मिनिटांत झाकण काढावे, नाहीतर धुराचा कडवटपणा उतरतो. खिडकी उघडी ठेवावी.

हळद_मीठ

शिजल्याची खात्री कशी करावी, हे राहून गेले. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता सर्वांत जाड भागात खुपसून ७४ अंश दिसले की मांस खाण्यास सुरक्षित आहे असे समजावे. तंगडी मात्र ८० अंशांपर्यंत नेली तर अधिक मऊ लागते, कारण तिच्यातले चिवट तंतू तोवर विरघळू लागतात. थर्मामीटर नसल्यास जाड भागात सुरी टोचून येणारा रस पाहावा, पण ही खूण तितकी भरवशाची नाही. हाडालगत गुलाबी छटा दिसली म्हणून घाबरू नये. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग बाहेर उतरल्याने ती पूर्ण शिजलेल्या मांसातही दिसते. आणि कच्च्या मांसाला लागलेला उरलेला चक्का चटणीत मिसळू नये. तो वापरायचाच असेल तर कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात घालून चांगला खळखळून उकळावा.