ताकायासू आणि महाधमनीला फुगा, ऑपरेशन थांबवायचं का?

मुलुंडची_ताई:
धाकट्या बहिणीला (वय २९) चार वर्षांपासून ताकायासू आहे (महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, आणि तिच्या फांद्या सुजून अरुंद होतात तो आजार), डाव्या मनगटाला नाडीच लागत नाही, सिस्टर बिचाऱ्या बोटं फिरवत बसतात. आता सीटी अँजिओत छातीतल्या महाधमनीला ४.३ सेंटीमीटरचा फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम निघालाय. ईएसआर, सीआरपी (रक्तातून सूज दाखवणाऱ्या तपासण्या) दोन्ही नॉर्मल. तरी सर्जन म्हणतात ऑपरेशन आत्ता नको, आधी पेट स्कॅन (पीईटी, आत सूज असलेली जागा त्यात चमकते) करून रुमॅटॉलॉजिस्टना (अशा सुजेच्या आजारांच्या डॉक्टरांना) दाखवा. एवढा फुगा घेऊन थांबायचं कसं? रात्री तिच्या खोलीतला दिवा लागला तरी धस्स होतं. कुणाला अनुभव आहे का?

बारा_वर्षं_ताकायासू:
ताई, मलाही हेच. ईएसआर नॉर्मल म्हणजे आतली सूज गेली असं धरू नका, माझा नॉर्मल होता आणि पेटमध्ये महाधमनी चमकत होती. सुजलेल्या भिंतीला टाके नीट धरत नाहीत, पुढे जोडाच्या जागीच नवा फुगा येऊ शकतो, म्हणून आधी स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट वगैरेंनी सूज उतरवतात. मला तर टोसिलिझुमॅब हे सूज उतरवणारं आणखी एक औषध द्यावं लागलं, मग ऑपरेशन झालं. छातीतल्या फुग्याला साधारण ५.५ सेंटीमीटरच्या आसपास ऑपरेशनचं बोलतात, पण किती वेगाने वाढतोय तेही बघतात, त्यामुळे जुने स्कॅन सगळे जवळ ठेवा. स्टेरॉइड मनाने बंद करायचं नाही, अजिबात नाही. आणि छातीत किंवा पाठीत फाटल्यासारखं अचानक दुखलं तर वाट बघू नका, सरळ १०८.

सिस्टर_ठाणे:
बीपी कुठे मोजता तिचं? डावा हात तर विसराच, पण उजव्या हाताची रक्तवाहिनीही अरुंद असेल तर तिथेही खोटं कमीच दिसतं, आणि फुग्यावर खरा ताण बीपीचाच. आमच्याकडे एक मुलगी आली होती, हातात ११०, आणि मांडीला मोठा कफ बांधला तर १९०. आधीच्या दवाखान्यात हातावरचं बघून तिची बीपीची गोळी बंद केली होती!! डॉक्टरांना सांगून चारही हातापायांचं घ्यायला लावा, पायात थोडं जास्त येतंच पण एवढा फरक नाही.

मुलुंडची_ताई:
सिस्टर, आजच शेजारच्या क्लिनिकमध्ये घेतलं. उजवा हात ११८, मांडी १७८. चार वर्षांत पायाचं कुणीच घेतलं नव्हतं. डॉक्टरांना लगेच फोन केला, उद्या सकाळीच बोलावलंय, गोळी सुरू करतायत. पेट स्कॅन शुक्रवारी आहे.