वडिलांचं हत्यार घरात आहे का अजून? बेळगाव भागातल्यांनी लिहा

खानापूर तालुक्यातून, धागा सुरू करणारी

आप्पांना जाऊन सात वर्षं झाली. दिवाळीच्या आधी माळा आवरताना गोणपाटात गुंडाळलेली त्यांची पेटी खाली काढली. पटाश्या, दोन रंधे, वाकस आणि तळाला काटकोन बघायचा गुण्या. पात्यावर गंज चढलाय, पण लाकडी मुठीवर आप्पांच्या अंगठ्यानं पडलेला खळगा तसाच आहे. माझा अंगठा ठेवून बघितला, त्यात हरवला.

आप्पा सुतार आणि माळकरी. एकादशीला उपाशीपोटी रंधा चालायचा, अमावास्येला मात्र हत्याराला हात नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईचं असो. खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडायची, एकेकाला हळदकुंकू, झेंडूचं फूल. आम्ही पोरं मधूनच पळायला लागलो की ओरडायचे, "ओलांडू नका गा, जेवाय बसल्यात ती!"

त्यांचा सगळा जीव उंबऱ्यात. चौकट बसवायच्या दिवशी अंघोळ करून, बुक्का लावून निघायचे. एकदा बैलहोंगलकडच्या एका घरी मला सोबत नेलं होतं. मालकाचं मराठी मोडकं, आप्पांचं कन्नड त्याहून मोडकं. कुसू, म्हणजे लाकडाचं खाचेत बसणारं टोक, नीट बसेना. मालक म्हणाला, दोन खिळे मारा आणि मोकळे व्हा. आप्पांनी कुसू बाहेर काढली, केसभर तासली, परत बसवली. परत काढली. तिसऱ्या खेपेला ठोकल्यावर जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो, भरीव, मटक्यावर थाप मारल्यासारखा. मग त्यांच्या त्या कन्नडात म्हणाले, "लक्ष्मी इदर म्याल बरताळ री." लक्ष्मी यावरूनच येणार आहे. मालक गप्प झाला आणि चहा आणायला आत गेला.

पुढे तयार दारं आली, प्लाय आलं, ते सगळ्यांना माहीत आहे.

आपल्या भागाबद्दल बाहेर छापून येतं ते सीमाप्रश्नावरून, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिवसाला, नाहीतर बेळगावात कर्नाटकाचं अधिवेशन भरलं की. त्यात पाट्यांची भाषा असते, पाटी रंगवणाऱ्याचं कुणी विचारत नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहू. वडील काय करायचे, कशावर श्रद्धा होती, आणि त्यांचं काय उरलंय घरात?

निपाणीजवळून

रापी, चामडं कापायची. आमच्या दादांची. घासून घासून निम्मी झालेली, आता भाजीही चिरणार नाही.

दादा कोल्हापुरी चपला करायचे. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं कातडं, त्याचा वास आमच्या वह्यापुस्तकांनासुद्धा यायचा. शाळेत त्यावरून काय काय ऐकलं ते इथं लिहीत नाही. तळ दादा कापायचे, वेणी आई गुंफायची. चपलेत खिळा नाही, चामड्याच्याच वादीनं शिवायची. दुकानात रोहिदासांचा फोटो, सकाळी त्याला उदबत्ती, आणि पहिला जोड तयार झाला की फोटोसमोर ठेवून मगच टांगायचा. "आधी त्यांनी बघूदे. त्यांला कळतंय, गिऱ्हाइकाला काय कळतंय!"

२०१९ मध्ये चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे चार. दादा तेव्हा नव्हते. असते तर म्हणाले असते, चला, चपलेला तरी सीमा नाही.

बेळगाव, कॅम्प

आमच्या घरी एक खोटी फूटपट्टी आहे. खोटी कशी, ते सांगतो.

पप्पा उद्यमबागेतल्या कारखान्यांत फाउंड्रीसाठी, म्हणजे ओतकामासाठी पॅटर्न करायचे, म्हणजे लाकडी साचे. लोखंड ओतलं की थंड होताना आकसतं, बिडाचं म्हणाल तर मीटरला साधारण १० मिलिमीटर. म्हणून साचा तेवढा मोठा करायचा. दर वेळी हिशोब कुठं करत बसणार? त्यासाठी पट्टीच वेगळी मिळते, तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा जरासा लांब असतो. पोलादाची, छान चकचकीत. सातवीत असताना मी ती दप्तरात घालून नेली, भूमितीच्या चाचणीला. सगळ्या आकृत्या किंचित मोठ्या. सरांनी आपल्या पट्टीनं मोजल्या आणि त्याच पट्टीनं हातावर दिल्या. घरी येऊन रडलो तर पप्पा आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, "बाबा, ती तापलेल्या मालासाठी आहे. तू थंड कागदावर वापरलीस."

आम्ही कॅथलिक, घरात कोंकणी, रस्त्यावर मराठी, कारखान्यात तिन्ही भाषांची मिसळ. रविवारी मिसा चुकली नाही. १९ मार्चला सेंट जोसेफचा सण, तो तर सुताराचाच संत. त्या दिवशी पप्पा पाळी बदलून घेऊन सकाळी चर्चला जायचे. घरातला छोटा जोसेफ त्यांनी पॅटर्नच्या उरलेल्या सागवानातून स्वतः कोरला. त्याच्या हातातला गुण्या नखाएवढा आहे. धागा सुरू करणाऱ्या ताईंचं वाचून आज खाली काढून पुसला.

फुफ्फुसांनी शेवटची चार वर्षं फार त्रास दिला. कुणाला दोष देत नाही, पण तोंडाला फडकं बांधायला तरी कुणी सांगायला हवं होतं.

बेळगाव शहरातून

अब्बांचा भाता. कल्हईवाले होते. पहाटेची नमाज झाली की सायकलला भाता, कोळशाचं पोतं बांधून गावोगाव. कथील घासायचं, नवसागर टाकायचा, भप्पकन पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्यानं भांड्यात चांदी फिरवावी तसं फिरवायचं. गणपतीच्या आधीचा आठवडा त्यांचा सीझन, जेवायला वेळ नसायचा. घरोघरच्या नैवेद्याची पातेली आमच्या अंगणात. स्टील आलं आणि भाता भिंतीला लागला. एवढंच.

वडगाव, विणकराचा मुलगा

सगळे चांगलं चांगलं लिहितायत, मला लिहायला जड जातंय.

अण्णा मागावर बसायचे, खड्डा माग होता आमचा. साड्यांचे काठ असे विणायचे की बाहेरचे व्यापारी नाव विचारत यायचे. आणि दर आषाढीला पायी पंढरपूर. जाऊन-येऊन वीस-बावीस दिवस माग बंद. जूनमध्येच शाळेच्या फिया, वह्या, दप्तरं. आई शेजारी हात पसरायची. एका वर्षी थोरल्या बहिणीचं नाव त्यामुळंच शाळेतून कमी झालं, ती परत गेली नाही. अण्णा परत आले, तिच्या हातावर प्रसादाच्या लाह्या ठेवल्या. तिनं घेतल्या. मी घेतल्या नाहीत.

ते गेल्यावर दिंडीतले एक म्हातारे भेटायला आले. म्हणाले, दिंडीच्या पताका तुझे वडील विणून द्यायचे, पैसा घेतला नाही कधी. मला वाटलं डोळ्यांत पाणी येईल. राग आला. अजून आहे. मागावरचा धोटा मात्र टाकवत नाही. कपाटात, बहिणीच्या घरी आहे, तिनंच मागून नेला.

निपाणीजवळून

वडगावकर, बरं केलंत लिहिलंत. आमचे दादाही संध्याकाळी सातनंतर संत नसायचे. ते मी वर गाळलं होतं.

खानापूर तालुक्यातून, धागा सुरू करणारी

मला बहिणीचा विचार सोडत नाही. त्यांना धाग्याबद्दल सांगितलंत तर त्याही लिहितील का, बघा.

आणि कॅम्पातल्या दादा, एक विचारू? आप्पांच्या गुण्याचा गंज कसा काढू? विम लावून घासला तर पातं खराब होईल का?

बेळगाव, कॅम्प

विम नको. पातं रॉकेलच्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवा, मूठ भिजवू नका. सकाळी पुसून वर तेलाचा हात फिरवा. मग तो खरा आहे का तपासा. सरळ कडेची फळी घ्या, गुण्या टेकवून एक रेघ मारा. गुण्या उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी मारा. काटकोन गेला असेल तर वर जाऊन रेघा फाकतात. जुना माल पडून पडून हलतो, वाईट वाटून घेऊ नका.

खानापूर तालुक्यातून, धागा सुरू करणारी

काढला गंज. फळी आमच्या जुन्या दाराचीच घेतली. दोन्ही रेघा मारल्या, चष्मा लावून बघितलं, मुलाला बोलावून दाखवलं.

एकच रेघ आहे.