पी-व्हॅल्यू 0.07 आली आहे, गाईड म्हणतात 0.05 च्या खाली आण. काय करू?

काठावरची (धागाकर्ती)

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, तोही पाणी गळ्याशी आल्यावर. संख्याशास्त्र माझा विषय नाही, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या.

प्रबंध थोडक्यात असा. विद्यार्थ्यांचे दोन गट, प्रत्येकी 30 जण, कोण कुठे जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. एका गटाने धडा पुन्हा पुन्हा वाचून अभ्यास केला, दुसऱ्याने पुस्तक मिटून स्वतःलाच प्रश्न विचारत. आठवड्याने 100 मार्कांची परीक्षा घेतली. प्रश्नवाल्या गटाची सरासरी 61.4, वाचनवाल्यांची 56.2. प्रमाण विचलन (मार्क सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) दोन्हीकडे 11 च्या आसपास. टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी) लावली, पी आली 0.07; 0.05 च्या खाली आली तरच फरक "सार्थक", म्हणजे दखल घेण्याजोगा, मानतात.

सरांना दाखवलं तर म्हणाले, "फरक तर दिसतोय. जरा नीट बघ, 0.05 च्या खाली येईल." मग त्यांनीच चार वाटा सुचवल्या:

– चाचणी एकाच बाजूची, म्हणजे वन-टेल कर. पी निम्मी होते. (करून पाहिली, 0.036.)
– प्रश्नवाल्या गटात 35 आणि 37 मार्कांचे दोघे "विचित्र" आहेत, त्यांना काढ. (काढून पाहिलं, 0.01!)
– मुलं-मुली वेगळे करून बघ. (मुलींमध्ये 0.03, मुलांमध्ये 0.64.)
– नाहीच जमलं तर अजून दहा-दहा जण घे आणि परत बघ.

आता लॅपटॉपवर एकाच डेटाच्या सात फाइली झाल्यात. शेवटचीचं नाव आहे "अंतिम_खरंच_अंतिम". प्रत्येकीत उत्तर वेगळं. सर वाईट नाहीत हो, स्वतःच्या वेळेला त्यांनीही हेच केलं असणार. पण व्हायवाला कुणी विचारलं की हे दोघे का काढले, तर काय सांगू? आणि मुळात 0.07 म्हणजे पद्धत निरुपयोगी आहे असं असतं का?

जुनाखडू

काठावरची, प्रश्न चांगला आहे आणि वेळेवर विचारलात. थिसिस जमा केल्यावर असे प्रश्न विचारणारे मी जास्त पाहिलेत.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेऊ. पी म्हणजे काय ते एकदा हाताने केल्याशिवाय डोक्यात बसत नाही, म्हणून एक काम करा. 60 जणांचे मार्क 60 चिठ्ठ्यांवर लिहा. कोण कुठल्या गटातला ते लिहू नका. चिठ्ठ्या पिसा, तीस-तीसचे दोन ढीग करा आणि सरासरीतला फरक काढा. परत पिसा, परत काढा. निदान पन्नास वेळा. तुमचा खरा फरक 5.2 आहे. नुसत्या पिसण्यातून, कुठल्याही बाजूला, 5.2 किंवा त्याहून मोठा फरक किती वेळा पडतो ते मोजा. शंभरात सातेक वेळा पडेल. तीच तुमची 0.07.

म्हणजे पी सांगते ती गोष्ट एवढीच: अभ्यासाच्या पद्धतीने काहीच फरक पडत नाही असं धरलं, तर निव्वळ वाटणीच्या नशिबाने एवढा फरक किती सहज दिसला असता. "पद्धत निरुपयोगी असण्याची शक्यता 7 टक्के" असा तिचा अर्थ नाही आणि "उपयोगी असण्याची 93 टक्के" असाही नाही. अमेरिकन सांख्यिकी संघटनेला 2016 साली खास निवेदन काढून हे सांगावं लागलं, कारण संशोधकच ते चुकीचं वाचत होते.

नेमकंबोला

वन-टेलबद्दल एकच प्रश्न. सिनॉप्सिसमध्ये काय लिहिलं होतं? "फरक आहे का" की "प्रश्नवाला गट वरचढ आहे का"?

काठावरची

"फरक आहे का." 🙁

नेमकंबोला

मग विषय संपला. निकाल कुठल्या बाजूला झुकलाय ते पाहून बाजू निवडायची आणि पी निम्मी करून घ्यायची, याला चाचणी म्हणत नाहीत.

अधलीमधली

मी डॉक्टर मंडळींचे डेटा तपासते, रोजचंच काम. त्यामुळे "विचित्र" या शब्दावर माझा डोळा आधी जातो. त्या दोघांनी पेपर अर्धवट सोडला होता का? दुसऱ्याचा पेपर चुकून त्यांच्या नावावर लागला का? मार्क टाइप करताना आकडे उलटे पडले का? यातलं काही असेल तर काढा आणि तसं लिहा. आणि आणखी एक बघा: वाचनवाल्या गटातले सगळ्यांत कमी मार्क किती आहेत?

काठावरची

आत्ता पाहिलं. पेपर दोघांनीही पूर्ण सोडवलाय, मीच तपासलेत. आणि वाचनवाल्या गटात 33, 34 आणि 38 वाले आहेत. तिघे.

ते कुणालाच विचित्र वाटले नाहीत. मलाही नाही.

अधलीमधली

तेच. नावडत्या बाजूचा आकडा तेवढा आउटलायर (बाकीच्यांपासून फार दूर पडलेला) दिसतो. यात लबाडी असतेच असं नाही, डोळा आपोआप तिकडेच जातो. म्हणून गाळायचा नियम डेटा उघडण्याआधी ठरवतात आणि दोन्ही गटांना सारखाच लावतात. तुमचे पाचही जण ठेवा.

आता मुलं-मुली. 0.03 आणि 0.64 पाहून "ही पद्धत मुलींनाच लागू पडते" असं लिहायचा मोह होतो. छापून आलेल्या कितीतरी पेपरांत हीच चूक असते. मुलींमध्ये फरक किती होता आणि मुलांमध्ये किती?

काठावरची

प्रत्येक गटात 15 मुली, 15 मुलं. मुलींमध्ये 8.6, मुलांमध्ये 1.8. विचलन साधारण 10.5.

अधलीमधली

मग तुलना 8.6 आणि 1.8 यांची करायला हवी, दोन पींची नाही. दोन फरकांमधलं अंतर 6.8. एका फरकाची प्रमाण त्रुटी (नशिबाने तो साधारण किती हलू शकतो) 3.8, म्हणून या अंतराची साधारण 5.4. भागाकार सव्वाच्या घरात, पी 0.2 च्या वर. म्हणजे मुली आणि मुलं यांच्यात पद्धतीचा परिणाम वेगळा आहे, याला तुमच्या डेटात दम नाही. एक पी रेषेच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे पडली म्हणजे दोघी एकमेकींपासून वेगळ्या ठरत नाहीत.

जुनाखडू

बरोबर. चौथ्या वाटेबद्दल मी सांगतो, कारण ती सगळ्यांत साळसूद दिसते. जास्त माणसं घेण्यात वाईट ते काय? माणसं घेण्यात काहीच नाही. वाईट आहे ते डोकावून बघणं आणि मनासारखं आलं की थांबणं. खरा फरक शून्य असतानाही 0.05 ची रेषा एकदा तपासली तर 5 टक्के वेळा चकवा बसतो. सारख्या टप्प्यांनी दोनदा तपासली तर 8 टक्क्यांवर जातो, पाचदा तर 14, दहादा तर 19. औषधांच्या चाचण्यांत मध्येच डोकावतात, पण त्याचा हिशोब आधी लिहून ठेवलेला असतो आणि प्रत्येक टप्प्याची रेषा त्यासाठी कडक केलेली असते. "परत बघू" हा काही हिशोब नव्हे.

तुमच्या सरांच्या चारही वाटा एकत्र धरा. प्रत्येक वाटेवर "जमलं का" असं विचारून, जमलं तिथे थांबायचं, मग छापलेल्या 0.05 ला काय अर्थ उरतो? 2011 साली मानसशास्त्रातल्या तिघा संशोधकांनी अशाच सवलती घेऊन मुद्दाम सिद्ध करून दाखवलं होतं की एक विशिष्ट गाणं ऐकल्यावर माणसाचं वय कमी होतं. ताजंतवानं वाटतं असं नाही हं, जन्मतारखेवरून मोजलेलं वय! पी 0.05 च्या खाली होती.

खडाष्टक

सगळे त्या गाईडच्या मागे लागलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. रेषाच नको म्हणणं सोपं आहे. 2015 मध्ये सामाजिक मानसशास्त्राच्या एका नियतकालिकाने पी छापायलाच बंदी घातली. नंतर त्यातले लेख कुणीतरी तपासले तेव्हा आढळलं की बऱ्याच ठिकाणी लेखक आकड्यांना पेलेल त्याहून जास्त ठोकून बोलत होते, कारण अडवणारं काही उरलं नव्हतं. भौतिकीवाले रेषा पाळतातच की. 2012 मध्ये हिग्ज बोसॉन हा मूलकण सापडल्याचं जाहीर केलं ते पाच सिग्माची (पाच प्रमाण विचलनांची) अट लावून, म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता पस्तीस लाखांत एक. रेषा वाईट नाही, आपली रेषा सैल आहे. 2017-18 मध्ये 72 जणांनी 0.005 करा म्हणून लिहिलंच होतं.

जुनाखडू

खडाष्टक, नाव सार्थ केलंत 🙂 पण रेषा कडक केली की तिच्या काठावरही गर्दी होणारच. 2019 मध्ये 800 हून जास्त जणांनी "सांख्यिकीय सार्थकता" हा शब्दच निवृत्त करा म्हणून सही केली, तेही मला पूर्ण पटलेलं नाही. निर्णय घ्यायचाच असेल, औषध बाजारात आणायचं की नाही असा, तर रेषा लागते. नेमन आणि पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी 1933 मध्ये ती मांडली ती त्याचसाठी: नसलेला फरक आहे म्हणणं आणि असलेला नाही म्हणणं, या दोन्ही चुकांची किंमत आधी ठरवा आणि मग रेषा आखा. त्यांच्याच काळातला संख्याशास्त्रज्ञ फिशर, त्याची पी होती पुरावा किती जड आहे ते चाचपायला. आपल्या पुस्तकांनी दोघांची खिचडी केली आणि वर 0.05 चं झाकण ठेवलं.

खुद्द फिशरच्या 1935 च्या पुस्तकातला किस्सा ऐका, काठावरचीला धीर येईल. डार्विनने मोजलेल्या मक्याच्या रोपांच्या 15 जोड्या त्याने घेतल्या. टी-टेस्टने पी आली 4.97 टक्के. मग मी तुम्हाला सांगितलं तसलंच पिसणं केलं, जोड्यांमधल्या फरकांची अधिक-उणे चिन्हं उलटसुलट करून होणाऱ्या सगळ्या 32,768 शक्यता मोजल्या, तर आली 5.27 टक्के. तीच रोपं, तेच आकडे, एक हिशोब रेषेच्या आत आणि दुसरा बाहेर. फिशरला त्यात दिसलं ते हे, की दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखीच आहेत.

काठावरची

काल रात्री चिठ्ठ्या केल्या. घरचे म्हणाले, पीएचडी करतेयस की हाऊजी खेळतेयस.

50 वेळा पिसल्या. 4 वेळा फरक 5.2 किंवा त्याहून जास्त पडला. त्यातल्या एका खेपेला तर 6.1, आणि तोही उलट्या बाजूला! म्हणजे पिसण्याच्या नशिबाने वाचनवालेच जिंकले असते आणि मी आनंदाने तसं लिहिलं असतं. तो ढीग मोडायला हात धजेना.

आता 0.07 चा राग गेला. पण लिहू काय? "सार्थक फरक आढळला नाही" लिहिलं तर "पद्धत चालत नाही" असंच वाचलं जाईल ना?

अधलीमधली

जाईल. म्हणून तेवढ्यावर थांबू नका. फरक 5.2, त्याची 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (डेटाशी जुळणाऱ्या फरकांची पट्टी) काढा: उणे 0.5 ते 10.9. शून्य त्यात जेमतेम बसतंय, आणि दहा मार्कांचा फरकही बसतोय. दहा मार्क म्हणजे कितीतरी! एवढी रुंद पट्टी असताना "फरक नाही" म्हणायला तुमच्याकडे पुरावा नाही, "आहे" म्हणायलाही नाही. डेटा थोडा आहे, हे खरं उत्तर. खरा फरक 5 च्या आसपास असेल तर तो 80 टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात 70 च्या वर विद्यार्थी हवे होते. तुमच्याकडे 30 होते. हे पुढच्या अभ्यासासाठी लिहा, सबब म्हणून नको.

आणि सरांच्या चारपैकी जे करून पाहिलंत तेही लिहा. मुलं-मुलींचे आकडे परिशिष्टात टाका, वर "आधी ठरवलेलं नव्हतं" असं स्पष्ट म्हणा. कुणी विचारलंच तर झाकण्यासारखं काही उरत नाही.

काठावरची

असं लिहिलंय, कुणी बघेल का:

"प्रश्नपद्धतीच्या गटाची सरासरी 5.2 गुणांनी जास्त होती (95 टक्के अंतराल उणे 0.5 ते 10.9, पी 0.07). हा निकाल सार्थकतेकडे झुकणारा आहे. नमुना लहान असल्याने शून्यापासून ते दहा गुणांपर्यंतचा कुठलाही फरक या माहितीशी सुसंगत ठरतो. सर्व 60 विद्यार्थ्यांचे गुण विश्लेषणात घेतले आहेत."

नेमकंबोला

दुसरं वाक्य काढा. निकाल कुठेही झुकत नसतो, तो जिथे आहे तिथे आहे. अजून 60 विद्यार्थी घेतले असते तर पी खाली आली असती की वर गेली असती, तुम्हाला काय माहीत?

बाकी उत्तम.

काठावरची

काढलं.

आज सरांनी वाचलं. चिठ्ठ्यांचं सांगितलं तर हसले, मग म्हणाले दाखव कशा केल्यास. तीन वेळा स्वतः पिसल्या. एकदाही 5.2 पडला नाही, तर म्हणे "बघ, फरक खरा आहे." मी म्हटलं सर, तीनच वेळा... मग गप्प बसले. परिच्छेद "लांबलाय" म्हणाले, पण लाल पेन लावला नाही.

सर्वांचे मनापासून आभार. आता तक्ता 4 मध्ये मुलींच्या आकड्यावर "सार्थक" अशी खूण करणारा छोटा तारा राहिलाय तो काढायचाय, सॉफ्टवेअर आपणहून टाकतं. कुठून बंद करतात कुणाला माहीत आहे का?