टेबलावर दोन मॉनिटर की डोक्यावर हेडसेट? माझा कौल हेडसेटला

नंदगडकर
गेले सात महिने मी ऑफिसचं काम मेटा कंपनीचा क्वेस्ट ३ हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवायचं पडद्यांचं यंत्र, घालून करतोय. सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम आहे, कंपनी पुण्याची, मी खानापूर तालुक्यात स्वतःच्या घरी. मागच्या आठवड्यात बेळगावात मित्रांमध्ये यावरून वाद झाला. सगळ्यांचं म्हणणं एकच, "पैसे पाण्यात घातलेस, त्यात दोन चांगले मॉनिटर आले असते." ते मला पटत नाही. का पटत नाही ते इथे सविस्तर मांडतो.

आमचं घर जुनं, कौलारू. मातीच्या जाड भिंती, माजघर, स्वयंपाकघर आणि एक खोली. घरात टेबल एकच आणि त्यावर बहिणीचा दहावीचा अभ्यास. ते टेबल मी मागणार नाही. मॉनिटर ठेवायचा कुठे? भाताच्या कणगीवर? माजघरात पाटावर बसतो, मांडीवर लॅपटॉप घेतो, हेडसेट चढवतो. समोरच्या भिंतीवर एक मोठी आभासी स्क्रीन दिसते, डावीकडे दुसरी. विंडोज ११ असेल तर मिक्स्ड रिॲलिटी लिंकवर, म्हणजे लॅपटॉपचं चित्र हेडसेटमध्ये आणणाऱ्या सोयीवर, तीन स्क्रीनपर्यंत जाता येतं. कॅमेऱ्यांतून समोरची खोली दिसत राहते, कीबोर्ड दिसतो, आजी चहा घेऊन आली की कप दिसतो.

पुण्यात खोलीला महिना साडेआठ हजार जात होते. ते आता घरात राहतात. आमच्या भागातली किती पोरं नुसत्या 'बसून काम करायला जागा नाही' या कारणाने पुण्या-बंगळूरला पडून आहेत! त्यांच्यासाठी हे यंत्र खेळणं नाही, असं माझं ठाम मत आहे.

टिळकवाडीकर
तुझी जागेची अडचण खरी आहे, त्यावर बोलत नाही. पण स्क्रीनचा हिशोब करू.

२४ इंची फुल एचडी मॉनिटर दोन फुटांवर ठेवला तर डोळ्याला तो साधारण ४८ अंश रुंद दिसतो. १९२० भागिले ४८, म्हणजे एका अंशात ४० पिक्सेल. क्वेस्ट ३ मध्ये एका अंशात येतात साधारण २५. निरोगी डोळा ६० पर्यंत फरक ओळखतो. आता तोच २४ इंची मॉनिटर हेडसेटमध्ये तेवढ्याच आकाराचा मांडला, तर रुंदीला १२०० पिक्सेलच हाती लागतात. नऊ-दहा हजारांच्या साध्या मॉनिटरपेक्षा कमी! ती कसर भरून काढायला स्क्रीन ७७ अंशांपर्यंत ताणावी लागते आणि मग एका टोकाची ओळ वाचून दुसऱ्या टोकाला जाताना मान फिरते. तीन स्क्रीन मांडता येतात हे खरं, पण एका वेळी नीट वाचता येते ती एकच.

नंदगडकर
हिशोब बरोबर आहे, मान्य. म्हणून मी अक्षर मोठं करून घेतो आणि मुख्य स्क्रीन दीड मीटरवर लावतो. टेस्टिंगमध्ये मला एका बाजूला ॲप आणि दुसऱ्या बाजूला बगची यादी एवढंच लागतं. पंधरा इंची लॅपटॉपवर दर मिनिटाला खिडक्या अदलाबदल करत होतो, ते संपलं. बारीक अक्षरात हरलो, पण मांडणीत जिंकलो. माझ्या कामाला मांडणी जास्त मोलाची.

उद्यमबाग
मी कास्टिंगच्या पॅटर्नची, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा वाळूचा साचा बनतो त्या नमुन्याची, डिझाइन करतो. तुझ्याकडून ऐकून मीपण पाहुण्यांचा हेडसेट पंधरा दिवस आणून वापरला. सरळ सांगतो, ड्रॉइंगला उपयोग नाही. बारीक रेघा डोकं हललं की थरथरतात. मोजमापाच्या रेषा एकमेकींत मिसळतात. मशिनिंगला किती माया (नंतर कापून काढायचा जादा धातू) सोडलीय ते बघायला पाच वेळा झूम करालो होतो. फाउंड्रीत आकडा चुकला की चूक लोखंडात ओतली जाते, ती मागे घेता येत नाही.

पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पंपाच्या बॉडीचं थ्रीडी मॉडेल खऱ्या मापात जमिनीवर उभं केलं आणि त्याच्याभोवती फिरलो. रायझर (गोठताना कमी पडणारा धातू पुरवणारा साठा) कुठे द्यायचा, कोअर बॉक्स (आतल्या पोकळीच्या गाभ्याचा साचा) कुठून उघडायचा, हे मोल्डरला, म्हणजे साचा बनवणाऱ्या कारागिराला, समोर दाखवता आलं. वीस वर्षं वाळूत हात घातलेला माणूस तो. त्याने हेडसेट घातला, वाकला, आणि जिथे धातू शेवटी गोठणार तिथे बरोबर बोट ठेवलं. मॉनिटरवर त्याला कधी काही विचारलं नव्हतं, कारण मॉनिटर त्याला वाचता यायचा नाही. म्हणून माझं मत असं, की बघायला घ्या, लिहाय-वाचायला घेऊ नका.

शहापूरची ताई
मी कन्नड कागदपत्रांचं मराठीत भाषांतर करते. पहाणी पत्रिका (कर्नाटकातला सातबारा), खरेदीखत, वाटणीपत्र. सीमाभागात हे काम कधी संपत नाही, कारण कागद कन्नडात येतो आणि घरातल्या म्हाताऱ्यांना तो मराठीत समजून घ्यायचा असतो. त्यामुळे पिक्सेलचा वाद माझ्यासाठी हौसेचा नाही.

टिळकवाडीकरांनी आकडे दिले, मी अक्षरं देते. कन्नडात द, ध आणि थ यांचं अंग जवळपास एकच. 'ध'ला खाली एक छोटी रेघ, 'थ'च्या पोटात एक ठिपका. जोडाक्षराचा अर्धा भाग, ज्याला ओत्तक्षर म्हणतात, तो अक्षराच्या पायाशी इवलासा लटकतो. तो फोटोकॉपीत आधीच अर्धा गेलेला असतो. मराठीतही 'प्र'ची तिरकी रेघ, अनुस्वार, 'ऱ्या'. इंग्रजी अक्षर थोडं पुसट झालं तरी ओळखू येतं, आपल्या लिपीत ठिपका गेला की माणसाचं आडनाव बदलतं. आडनाव बदललं की वारसाची नोंद अडते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, एका कुटुंबाला त्यापायी तीन वर्षं हेलपाटे घालावे लागले.

ही यंत्रं बनवणारे वाचनाची कसोटी लावतात तेव्हा समोर कुठली लिपी ठेवत असतील, हा प्रश्न मला फार मनापासून पडतो.

नंदगडकर
ताई, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. माझं सगळं काम इंग्रजीत. मराठी मी फक्त व्हॉट्सॲपवर वाचतो आणि ते फोनवर.

कॅम्पातला
डोळे तपासायचं काम करतो, म्हणून लिहितो.

प्रत्येक हेडसेटच्या भिंगांचा फोकस एका ठरलेल्या अंतरावर, साधारण एक-दोन मीटरवर, बांधलेला असतो. तुम्ही आभासी स्क्रीन हातभर अंतरावर ओढली की दोन्ही बुबुळं आत वळतात, पण डोळ्यातलं भिंग मात्र लांबच्याच फोकसवर राहतं. रोजच्या आयुष्यात ही दोन कामं जोडीने होतात, इथे ती जोडी तुटते. कपाळ दुखणं, डोळे जड होणं हे बऱ्याचदा त्यातून येतं. नंदगडकर स्क्रीन दीड मीटरवर लावतो ते योग्यच करतो, जवळ ओढू नये.

उलट बाजूही सांगतो. चाळिशी लागलेल्यांना जवळचं धूसर दिसतं, त्यांना हेडसेटमध्ये कधी कधी चाळिशीशिवाय वाचता येतं, कारण फोकस लांब आहे. पण लांबचा नंबर असेल तर तो लागतोच. चष्म्यावरून हेडसेट चढवणाऱ्यांनी आधी मधली जागा तपासावी, काच काचेला घासली की दोन्ही गेल्या. नंबरची वेगळी भिंगं बसवून मिळतात, ती घ्यावीत.

टिळकवाडीकर
२०२२ साली जर्मनीतल्या कोबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. १८ जणांनी सुरुवात केली. रोज आठ तास, असा पाच दिवसांचा पूर्ण आठवडा हेडसेटमध्ये काम करायचं आणि दुसरा आठवडा नेहमीच्या पद्धतीने. दोघं पहिल्याच दिवशी सोडून गेले, मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता. उरलेल्या १६ जणांनी डोळ्यांचा ताण जवळपास ४८ टक्के जास्त सांगितला, आणि आपलं काम १६ टक्क्यांनी कमी झालं असं स्वतःच म्हटलं. आता यावर बोल.

नंदगडकर
तो अभ्यास क्वेस्ट २ वर झाला होता. त्याची भिंगं जुन्या पद्धतीची, मध्यभाग सोडला की पुसट. बाहेरचं दिसायचं ते काळं-पांढरं. शिवाय दिवस सरतील तशी त्या लोकांना थोडी सवय होत गेली, हेही त्याच अभ्यासात आहे.

आणि मी आठ तास घालतो असं कुठे म्हटलंय? पन्नास मिनिटं घालायचा, दहा मिनिटं ओसरीवर. दिवसाचे साडेतीन-चार तास होतात. मीटिंग आणि ईमेल लॅपटॉपवरच.

टिळकवाडीकर
मग पहिल्या ओळीतच तसं लिहायला हवं होतंस. 'ऑफिसचं काम हेडसेट घालून करतो' हे वाचून एखादा पोरगा घरच्यांकडून पन्नास हजार मागेल आणि आठ तास बसायला जाईल. ५१५ ग्रॅम वजन आहे त्याचं. गालांवर आणि कपाळावर अर्धा किलो घेऊन किती वेळ बसणार? ॲपलचा व्हिजन प्रो घ्यावा तर अमेरिकेत त्याची किंमत ३,४९९ डॉलर ठेवली होती, वजन त्याहून जास्त, आणि बॅटरी वायरीने खिशात वेगळी.

नंदगडकर
हे मान्य. वरच्या लेखात तासांचा उल्लेख हवा होता.

निपाणीकर
मला दुसरंच विचारायचंय. करंट गेल्यावर काय करालास? आमच्याकडे पावसाळ्यात संध्याकाळी हमखास जातो.

नंदगडकर
बाजूचा मॉनिटर असता तर बंद पडला असता. लॅपटॉप बॅटरीवर, हेडसेट बॅटरीवर, राउटरला छोटा यूपीएस. हेडसेट स्वतःच्या बॅटरीवर दोन तास टिकतो, पॉवर बँक कमरेला लावली तर अजून. लॅपटॉप ते हेडसेट चित्र घरातल्याच वायफायवरून जातं, त्याला इंटरनेट खर्ची पडत नाही. मात्र पाच गिगाहर्ट्झचा राउटर त्याच खोलीत हवा. आमच्या मातीच्या भिंतीपलीकडे तो सिग्नल जात नाही, पहिले आठ दिवस त्यातच गेले.

निपाणीकर
पण अंधारात? तो कॅमेऱ्यावर चालतो म्हणालास नव्हं. दिवाच नाही तर त्याला भिंत दिसणार कशी?

नंदगडकर
बरोबर पकडलंत. अंधारात तो जागा विसरतो, स्क्रीन तरंगत कुठेतरी निघून जाते. ऐन दुपारीही, आभाळ भरून आलं की माजघरात समोरचं सगळं दाणेदार दिसतं. मी चार्जिंगचा बल्ब खुंटीला टांगून ठेवलाय, करंट गेला की तो आपोआप लागतो.

उजेडावरून आणखी एक सांगायचं राहिलं, हे घेणाऱ्या प्रत्येकाने वाचा. आमच्या माजघरात उजेडासाठी छपराला एक काचेचं कौल आहे. त्यातून उन्हाचा हाताएवढा तुकडा खाली पडतो आणि दिवसभर जमिनीवर सरकत जातो. एप्रिलमध्ये जेवायला उठताना मी हेडसेट पाटावर उताणा ठेवला, भिंगं वर. जेवून आलो तर ऊन पाटावर आलेलं. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर तांदळाएवढा पिवळा डाग पडला, तो कायमचा. भिंगाने ऊन एकवटतं आणि आतला पडदा जळतो, लहानपणी आपण कागद जाळायचो तसं. आता उठलो की त्यावर आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घालतो.

शहापूरची ताई
मला एकदा प्रत्यक्ष बघायचंय. नुसतं ऐकून 'नको' म्हणणं बरं नाही. रविवारी आमच्याकडे येशील का? मी तीन पहाण्या काढून ठेवते, खराब फोटोकॉपीच्या.

नंदगडकर
येतो ताई. राउटरही घेऊन येतो.

शहापूरची ताई
रविवारी हा मुलगा येऊन गेला, म्हणून ठरल्याप्रमाणे लिहिते.

आधी त्याने स्क्रीन त्याच्या नेहमीच्या मापात लावली. पहिल्या पहाणीतलं खातेदाराचं नाव मला दोनदा वाचूनही लागलं नाही, 'ध' की 'द' कळेना. मग कागद भिंतभर मोठा केला. तेव्हा 'ध'खालची रेघ स्पष्ट दिसली. एवढी मोठी पहाणी मी आयुष्यात पाहिली नव्हती. रकान्यासमोर रकाना उभा होता, आणि मी उठून कागदाजवळ चालत गेले. आमच्या यजमानांनी बाजूला बसून लॅपटॉपवर तेच वाचलं, त्यांना झूम करून इकडेतिकडे सरकवावं लागत होतं. तिथे हेडसेट सरस ठरला, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

पण टाइप करायला बसले आणि अडलं. डावीकडे कन्नड कागद, उजवीकडे माझं मराठी. दर शब्दाला मान इकडून तिकडे. चाळीस मिनिटांत दोन पहाण्या झाल्या, एरवी तेवढ्यात तीन होतात. नाकाजवळ घाम आला, भिंगांवर वाफ धरली, कानशिलं ठणकायला लागली. तिसरी मी लॅपटॉपवर केली.

माझ्या रोजच्या कामाला मी हे घेणार नाही. एखादा फाटका, पुसट दस्त आला तर मात्र नंदगडला फोन करीन.

नंदगडकर
करा ताई, मी बसने घेऊन येईन. तुमच्या दुसऱ्या पहाणीतलं हिस्सा नंबराचं ते अक्षर मला अजून आठवतंय, भिंतीवर वीतभर झालं होतं.

निपाणीकर
मलाबी एकदा दाखव की. आमच्या आजोबांचं एक जुनं खरेदीखत हाय, कुणालाच वाचाय येत नाही.