सल्ला हवा: आठ जिल्ह्यांच्या कुटुंब नियोजन समन्वयकांसाठी ऑनलाइन देवाणघेवाण कशी बसवावी?

पलासिया_वाचक: नमस्कार मंडळी. इंदूर विभागातल्या आठही जिल्ह्यांच्या, म्हणजे अलीराजपूरपासून बुऱ्हाणपूरपर्यंतच्या, समन्वयकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. शिबिरांचे फोटो ढीगभर, पण अंतरा (गर्भनिरोधक इंजेक्शन) आणि छाया (गर्भनिरोधक गोळ्या) यांबद्दल कामाचं उत्तर शोधलं तर मिळत नाही. बजेट शून्य. काय वापरावं?

निमाडकर: साधन तेच ठेवा, फक्त वाटे करा. कम्युनिटी करून सूचना, प्रश्न आणि साठा असे वेगळे ग्रुप. फोटोंना चौथा काढून द्या, नाहीतर ते प्रश्नांत घुसणारच. पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस राहतो, त्यावर विसंबू नका. सुटलेला प्रश्न गूगल शीटमध्ये जाऊ द्या: प्रश्न, उत्तर, मार्गदर्शिकेचं नाव नि पान, तपासल्याची तारीख. तारीख नसेल तर उत्तर कच्चं समजा. संपादनाचा हक्क दोघांनाच, बाकीच्यांना टिप्पणीचा. सगळ्यांना दिला की कोणीतरी एकाच रकान्याची क्रमवारी लावतो आणि उत्तरं भलत्याच प्रश्नांसमोर जाऊन बसतात.

माळवा_ताई: पान क्रमांकाचा आग्रह मुळीच सोडू नका. छायाचं बघा: पहिले ३ महिने आठवड्याला २ गोळ्या, मग आठवड्याला १. कोणी घाईत "आठवड्याला एक" एवढंच लिहिलं की ते फॉरवर्ड होत आशाताईंपर्यंत जातं आणि नव्या बाईला पहिल्या दिवसापासून तेच सांगितलं जातं. अंतराचा पुढचा डोस ३ महिन्यांनी. ठरल्या तारखेच्या २ आठवडे आधीपासून ४ आठवडे नंतरपर्यंत देता येतो. यातलं "४ आठवडे चालतं" तेवढंच फिरतं, मग तारीख पाळायची कोण? टोचल्या जागी चोळायचं नाही, हेही त्याच ओळीत हवं. चोळलं की औषध लवकर शोषलं जातं.

पलासिया_वाचक: ताई, हे लगेच शीटमध्ये घेतो. पण साठ्याचा ग्रुप कशाला? एफपी-एलएमआयएस, म्हणजे कुटुंब नियोजनाच्या साठ्याचं सरकारी पोर्टल, आहेच की.

निमाडकर: पोर्टलवर शिल्लक दिसते, पण शेजारच्या जिल्ह्यात काय अडलंय ते कळत नाही. दर महिन्याच्या ५ तारखेला प्रत्येकाने वस्तू, शिल्लक, मुदत आणि किती महिने पुरेल एवढं टाकावं. शिल्लक भागिले मागच्या ३ महिन्यांचा सरासरी खप. मेख इथे आहे: माल संपलेला महिना सरासरीत धरायचा नाही. समजा शिल्लक ६००, खप १८०, ०, १२०. सरळ सरासरी १००, म्हणजे ६ महिने पुरेल असं वाटतं. शून्याचा महिना काढला तर सरासरी १५०, आणि माल जेमतेम ४ महिने. मागणी पहिल्या हिशोबाने गेली की पुन्हा तुटवडा. उपकेंद्रांना दिलेला माल खपात मोजणं ही दुसरी चूक. तो तिथल्या कपाटात पडून असू शकतो. मुदत जवळ आलेला माल दुसऱ्या जिल्ह्याला द्यायचा तर आधी लेखी मंजुरी आणि पोर्टलवर नोंद, मग गाडी. ग्रुपवरच्या "हो, पाठवा"वर माल हलला तर दोन्हीकडचे हिशोब बिघडतात.

सराफा_चौक: पंधरवड्याला ४५ मिनिटांची ऑनलाइन बैठकही ठेवा. गूगल मीटचं फुकट खातं ग्रुपला ६० मिनिटंच देतं, तेवढ्यात उरकतं. इको पद्धत चांगली: २००३ मध्ये न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरांनी हेपेटायटिस सी साठी सुरू केलेली. दर वेळी एका जिल्ह्याची एकच अडचण, १० मिनिटांत मांडणी, मग प्रश्न, तज्ज्ञ शेवटी बोलतात. तज्ज्ञ आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात, बस्स. ११ जुलैच्या, म्हणजे जागतिक लोकसंख्या दिनाच्या, आसपास बैठक नको, कोणी येणार नाही.

आणि अंतरा कार्डाचा फोटो कधीच टाकू नका. नाव झाकलं तरी गाव, वय आणि मुलांची संख्या एकत्र आली की छोट्या पाड्यात बाई ओळखू येते. जिल्हा आणि वयोगट पुरे.

पलासिया_वाचक: शीट कोणाच्या खात्यावर काढू?

निमाडकर: कार्यक्रमासाठी वेगळं खातं काढा, आणि पासवर्ड दोघांकडे ठेवा. एकाच्या खासगी खात्यावर असली तर बदलीबरोबर तीही जाते.